कोरडं अंग

व्होलोसला आले तेव्हा ग्रीकचे चारच शब्द माझ्यापाशी:
पाव, औषध, हळू, किती.
एवांथियाबाई दिवसभर बोलायच्या,
मी मान डोलवायचे, नेमकी चुकीच्या जागी.
त्या हसायच्या. मग गप्प व्हायच्या.

मूर्गोस मात्र पहिल्याच रात्री कळला.
दारात उभा, शेपूट ताठ वर,
नुसतं टोक थरथरत होतं.
कुतैसीला आमच्या गल्लीत म्हणायचे,
शेपूट हललं की दोस्ती झाली.
तसं नसतं.
सैल, खाली, कमरेसकट हलतं ती दोस्ती.
हे होतं ते चौकशीचं:
कोण तू, कुणाची, किती दिवस?
मी फरशीवर बसले, त्याच्याकडे कूस करून,
त्याच्या डोळ्यांत न बघता बटाटे सोलत राहिले.
सातव्या बटाट्याला
कोपराला ओलं नाक लागलं.
"गेनात्सवाले," मी म्हटलं. तुझी पीडा मला लागो.
आमच्याकडचा शब्द, त्यानं जन्मात न ऐकलेला.
त्याचे कान मऊ पडले, मागे.

मग बाकीचं त्याच्याचकडून शिकले.
की प्रत्येक जांभई झोपेची नसते.
की जीभ चटकन नाकावरून फिरते
तेव्हा समोर खायला काहीच नसतं.
लिफ्ट आली की दोनच भुंकणी, मोजून, टपोरी.
कठड्यावरच्या मांजरीसाठी लांबलचक, घसरत जाणारं.
आणि एक भुंकणं बाईंच्या मुलाच्या मोटारीसाठी,
सुरू व्हायचं
आणि गिळलं जायचं.

स्त्रातोस रविवारी यायचा.
पेस्ट्रीचा खोका, मोठा आवाज.
मूर्गोसच्या डोक्यावर थपाथप हात मारायचा,
मूर्गोस तोंड फिरवायचा,
डोळ्याच्या कडेला पांढरी कोर उगवायची.
"बघा, कसा लाडात आलाय!"
आणि टेबलापलीकडे बाई,
बरी आहे रे, बरी आहे मी, म्हणत
रुमालाची घडी उलगडायच्या, परत घालायच्या,
खिडकीकडे तोंड,
डोळ्याच्या कडेला तीच कोर.

त्या रविवारी खोक्याखाली कागद होते.
त्यानं पेनाचं टोपण काढून आईच्या हातात दिलं.
घराचं काहीतरी. 'विकणं' मला येत नव्हतं अजून,
आवाज येत होते.
टेबलाखालून मूर्गोस उठला,
पंजे रोवले, ओठ जरासा वर,
आणि गुरगुरला, फार लांब कुणी नांगर ओढावा तसा.
"डोकं फिरलंय याचं!"
स्त्रातोसनं सपात उचलली.

माझा एक काका मेंढ्या राखायचा.
म्हणायचा, गुरगुरला म्हणून कुत्र्याला मारू नये.
ती त्याची शेवटची सभ्य विनंती.
मारलंस तर गुरगुरणं बंद होईल,
चावणं नाही.

अकरा महिने मी या घरात गुरगुरले नव्हते.
पगार दोनदा लांबला, तेव्हा नाही.
खोलीला आतून कडी नव्हती, तेव्हाही नाही.
नुसत्या जांभया दिल्या.
उठले. सपात आणि कुत्रा, यांच्या मध्ये उभी राहिले.
तोंडातून जे निघालं
त्यात ग्रीक किती, जॉर्जियन किती, देव जाणे.
व्याकरण नव्हतंच. आवाज होता, छातीच्या तळचा.
माझं पूर्ण वाक्य स्त्रातोसला
पहिल्यांदाच कळलं.

मोटार गेली. कागद राहिले, पेनासकट.
पुढच्या रविवारी तो येणार,
आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

मूर्गोस गालिच्याच्या मधोमध आला,
आणि नाकापासून शेपटापर्यंत अंग झटकलं,
समुद्रातून वर आल्यासारखं.
बाईंनी खांदे हलवले, मग मान,
मग हसल्या, दात न सांभाळता.
मीही हात झटकले.
गॅलरीत ऊन होतं, खोका तसाच बांधलेला,
आणि भिजलं तर कुणीच नव्हतं.